बोरजाईच्या वेशीतील कोऱ्या बैलाची कैफियत

शके अठराशे एकुणसत्तर, सर्वजित नाम संवत्सर, आषाढमासी बेंदराचे दिवशी, दिवस कलता, मौजे बोरजाई, तर्फ उंब्रज, येथील वेशीत बिराप्पा धनगराचा बैल बाळ्या उभा राहिला आणि हलेना. तीन बैल त्याचे पुढे वेशीतून गावात दाखल जाहले होते. मागे मानकऱ्यांचे सात बैल, त्यांचे मागे गावची बाकी गुरे, वाजंत्री आणि सकाळपासून पुरणाचा वास घेत उपाशी राहिलेली समस्त मंडळी खोळंबली. बैलाचा कासरा ओढिला, शेपूट पिळिले, हिरवी वैरण दाखविली. बैलाने वैरण खाल्ली आणि जागा सोडिली नाही.

इतके निर्विवाद आहे. पुढील मजकुरात जे मानकरी आणि बिराप्पा या दोन्ही पक्षांस मान्य ते तसे लिहिले, जे एकाच पक्षाचे सांगणे ते त्याचे नावावर घातले, आणि श्रीभैरवनाथ सर्व जाणतो म्हणोन त्याचे नाव आरंभी घेऊन कैफियत चालू केली.

बोरजाईचा बेंदूर ऐसा. वेशीत पिंपरणीच्या पाल्याचा दोर आडवा बांधितात, त्यास कर म्हणतात. बैल नदीवर धुवोन, रंगवोन, शिंगांस हिंगूळ लावोन वेशीकडे आणितात. वेस इतकी अरुंद की एका वेळी एकच बैल आत शिरावा. पहिला बैल राजश्री आप्पासो पाटलांचा. तो शिंगाने कर तोडितो आणि आत जातो. त्यामागे पाटलांचा दुसरा, मग पाटील भावकीतील धाकट्या पातीचे लालासाहेब यांची जोडी, मग आणखी तीन घरच्या जोड्या. ऐसे पाच मानकरी, दहा बैल. ते गेल्यावर मग बाकीचा गाव, ज्यास जशी वाट मिळेल तशी. या क्रमापायी मागील पिढीत दोन डोकी फुटली होती आणि एक सोयरीक मोडली होती, त्यामुळे क्रम सर्वांस पाठ होता.

बिराप्पाचे घर या पाचांत नव्हते, आणि बाकीच्या गावातही पुरते नव्हते. त्याचा बाप मेंढरे घेऊन माणदेशाकडून आला आणि माळावर राहिला. बेंदराचे दिवशी वेशीतून बैल जातात, मेंढरे जात नाहीत, म्हणोन बाप त्या दिवशी कळप घेऊन गावकुसाच्या बाहेरून वळसा घालीत असे. बिराप्पाने जमीन केली आणि दोन खोंड घेतले, थोरला बाळ्या आणि धाकटा धोंड्या. बैल जाहले तेव्हा त्याची बायको हरणाबाई इणे ऐसा हुकूम सादर केला की, "सासरा कुसाबाहेरनं गेला. आता ह्यो वळसा आमच्या दावणीला नगं." बिराप्पाचे सर्व राजकारण याच एका कलमाचे होते. त्याचे बैल मानाने वेशीतून जावे, बाकी त्यास काही नको होते.

तो योग गतवर्षी आला, आणि तो कापडाच्या टंचाईतून आला.

गतवर्षी, म्हणजे व्यय नाम संवत्सरी, मोठी लढाई संपोन पलटणी मोडल्या आणि गावचे शिपाई घरी आले. सहा असामी गेले होते, चौघे परतले. त्यांत हवालदार आकाराम हे मुख्य. बेंदराचे दिवशी त्यांचा सत्कार करावा, चावडीचे ओट्यावर बसवावे आणि समोर स्वागताचा फलक धरावा, ऐसी मसलत ठरली. परंतु कापडास कंट्रोल. लुगड्यास वार मिळेना, तेथे फलकास कोण देतो? कोणी धोतर सोडोन देण्याची तयारी दाखविली, परंतु ते पाहोन मंडळीने नको म्हटले.

त्या समयी शाळेचे नानासो मास्तर पुढे जाहले. गणितात हा पुरुष ऐसा निष्णात की दोन नळ हौद किती वेळात भरतील हे चुटकीसरशी सांगे, गावात नळही नव्हता आणि हौदही नव्हता तरी. मास्तरांनी अर्ज केला की, "बैल तर रंगवायचेच आहेत. एकेका बैलाच्या कुशीवर एकेक अक्षर काढावे. चावडीवरचे शिपाई एकामागून एक वाचतील. मजकूर, गावच्या जवानांचे स्वागत. अक्षरे दहा. मानकरी पाच, दर घरी बैल दोन, पाच दुणे दहा. बाकी शून्य."

बाकी शून्य हे ऐकोन पाटील बहुत संतुष्ट जाहले, कारण बाकी म्हटले की वाद, आणि वाद म्हटले की तालुका. आप्पासोंनी फर्माविले की, अक्षरांनीही मानाचा क्रम राखिला हे देवाचेच काम. मास्तरांच्या हिशेबातील ते शून्य बेंदराचे दिवशी चार पायांवर चालत येणार, हे त्या वेळी कोणास ठाऊक?

आदले दिवशी तिसरे प्रहरी ओढ्याच्या माळावर कवाईत जाहली. दहा बैलांस गेरूने अक्षरे घातली. पाटलांचे बैलांवर गा आणि व. लालासाहेबांचे जोडीवर च्या आणि ज. पुढील घरी वा आणि नां. चौथे मानकरी कोंडीबा, त्यांचे बैलांवर चे आणि स्वा. शेवटल्या घरी ग आणि त. बैल एकामागे एक चालविले आणि मास्तर मोठ्याने वाचू लागले. वाचता वाचता त्यांचा चेहरा लाल जाहला, शेवटल्या अक्षरास आवाज शिळ्या भाकरीसारखा कोरडा पडला आणि ते खाली बसले. मग हवालदार आकाराम, जे बाभळीखाली बसोन कवाईत पाहत होते, त्यांनी शांतपणे विचारिले, "मास्तर, ह्यात श्वास कुठं घ्यायचा?"

तेव्हा ध्यानी आले की शब्द तीन आहेत आणि त्यांचे मध्ये दोन जागा आहेत. मास्तरांनी अक्षरे मोजिली होती, जागा मोजिल्या नव्हत्या.

यावर लालासाहेबांनी मोर्चा बांधिला. त्यांचे म्हणणे, जागा हे नवीन खूळ आहे. "आमच्या पंज्याचं मोडी कागद बगा. एक बी फट न्हाई. सारं एका दमात. तरी वतन चाललंच की."

आकारामांनी उत्तर पाठविले की, "पंजोबा दमदार हुतं. मला धाप लागती, मालक."

मग मास्तरांनी पहिली तजवीज ऐसी केली की, जेथे जागा तेथे दोन बैलांचे मध्ये आठ हात रस्ता मोकळा सोडावा. बैल पुन्हा चालविले. मोकळा रस्ता दिसताच प्रथम त्यात कोणाच्या तरी शेळ्या शिरल्या. त्यांस हाकलिले तो कोंडीबाची रेडकी शिरली. तिला धरिले तो उंब्रजेकडून येणारा एक सायकलवाला घंटी वाजवीत शिरला आणि सर्वांस रामराम करोन निघोन गेला. आणि इतके होईतो मागील बैल पुढच्यास जाऊन भिडला, कारण रिकामा रस्ता पाहोन पाऊल आवरणारा बैल अद्याप जन्मास आलेला नाही. चार वेळा जागा सोडिली, चार वेळा ती भरली. शेवटी मास्तरांनी कपाळाचा घाम पुसोन ऐसा सिद्धांत सांगितला की, जागा रिकामी राखावयाची तर तीत कोणीतरी उभे पाहिजे. म्हणजे अक्षर नसलेला बैल, कोरा.

आता गणित फिरले. अक्षरे दहा, जागा दोन, मिळोन बैल बारा. मानकऱ्यांचे दहा. दोन उणे. दोन बैल म्हणजे एक जोडी, आणि एक जोडी म्हणजे सहावे घर. वेशीच्या इतिहासात सहावे घर हा शब्द प्रथमच उच्चारिला गेला.

बिराप्पा तेथेच होता. त्याणे डोक्याचे पागोटे नीट केले आणि म्हणाला, "माजी जोडी हाय."

मास्तरांनी मांडणी करोन पाहिली. क्रमाने बैल लाविले तर चौथा बैल कोरा येतो, तो लालासाहेबांचा. नववा कोरा, तो शेवटल्या मानकऱ्यांचा. आणि मागे राहिलेली ग, त ही अक्षरे बिराप्पाचे जोडीस. हे ऐकताच लालासाहेब ऐसे तापले की त्यांचे हातातील तंबाखू चुन्याशिवायच तोंडात गेली. ते बोलिले ते असे: "माजा बैल कोरा हिंडणार आन् धनगराच्या बैलाला अक्षार? माजी सासुरवाडीची मानसं बेंदराला येत्यात. म्हणतील, जावयाच्या बैलाला गेरू बी मिळंना व्हय?"

कोंडीबांनी त्यांस पाठिंबा दिला. पाटलांनी दोघांस पाठिंबा दिला. मास्तरांनी सर्वांस पाठिंबा दिला आणि पाटी पुसली.

मग लालासाहेबांस एक युक्ती सुचली, आणि ही युक्ती त्यांचीच होती याविषयी आज ते काहीही म्हणोत, तेव्हा माळावर असलेले सर्व साक्ष देतात. ते म्हणाले, अक्षरे पाच घरांची पाच घरांसच राहू द्यावी. जागा दोन आहेत, धनगराचे बैल दोन आहेत. त्यासच दोन्ही जागा द्याव्या. "जागा म्हंजे काय? काईच न्हाई. तो चालंल, पन मोजायचा न्हाई."

सर्वांस हे पसंत पडले. तहाची कलमे तोंडी ठरली. एक, बिराप्पाचे बैलांवर अक्षर, ठिपका, हिंगूळ काही असू नये. दोन, ते मानात मोजू नयेत. तीन, मिरवणूक संपताच त्यांनी निमूट माळावर जावे. बिराप्पास विचारिले, मान्य का?

बिराप्पा हात जोडोन म्हणाला, "व्हय जी. मोजू नगा. चालू द्या म्हंजे झालं."

इतका नरम बिराप्पा कोणी पाहिला नव्हता. त्यावरून सावध व्हावयास पाहिजे होते, परंतु उजेड कमी जाहला होता आणि मंडळीस भूक लागली होती.

बेंदराचे सकाळी हरणाबाईने फौज सज्ज केली. रंगास मनाई होती, धुण्यास नव्हती. तिणे दोन्ही बैल रिठ्याने धुतले, पुन्हा धुतले, मग करडईचे तेल चोळिले. बाळ्या जात्याच पांढरा, तो ऐसा झळकू लागला की माश्या बसावयास लाजाव्या. बिराप्पाने एक घुंगरू बांधू का म्हणोन विचारिले. हरणाबाईने ते काढोन घेतले आणि म्हणाली, "कोरा म्हंजे कोरा. बोल लागता कामा नये."

दोन प्रहर टळल्यावर कूच जाहले. पाटलांचे बैलाने कर तोडिला. वाजंत्री वाजली. गा गेला, व गेला, च्या गेला, आणि त्यामागे गेरूने माखलेल्या जनावरांत एकटा पांढराशुभ्र बाळ्या वेशीत आला. ज्याकडे कोणी पाहू नये ऐसे ठरले होते, त्याकडेच सारा गाव पाहू लागला.

आणि तेथेच खरे रण माजले. लालासाहेबांची जोडी लहानपणापासून एका दावणीची. पुढचा च्या वेशीतून आत गेला आणि मागचा ज बाहेर राहिला. मध्ये परका बैल. हे ज यास सहन जाहले नाही. त्याणे हंबरडा फोडिला आणि बाळ्यास मागोन ढुशी दिली, कासरा धरणाऱ्या गड्यास बाजूस सारिले, वेशीच्या दगडास कूस घासोन पुढे घुसू पाहिले. त्यात त्याचे अंगावरील अक्षर अर्धे पुसले. लालासाहेब मागोन ओरडले, "आरं बिराप्पा, बैल सरकव तुजा, माजं जनावर गुदमारतंय."

बिराप्पाने मान वळवोन निवेदन केले की, "सरकवला की जागा मोडती, मालक. मास्तरांस्नी इचारा."

मास्तरांनी दुरून हात हलवोन जागा मोडू नका ऐसी खूण केली, कारण चावडीवरचे वाचन चालू जाहले होते. बाळ्या ढुश्या खात, पाऊल न चुकविता, न धावता, न थांबता, वेशीतून चावडीसमोरोन गेला. ओट्यावरील शिपायांनी वाचिले, "गावच्या." मग बाळ्या गेला, तेवढा श्वास घेतला. "जवानांचे." मग कोंडीबाचे दोन बैलांमधोन धोंड्या गेला, पुन्हा श्वास. "स्वागत." अर्धे पुसलेले ज सर्वांनी समजोन घेतले.

आकारामांनी बाळ्या समोर येताच उठोन सलामी दिली. नंतर पाटलांनी कारण पुसले तेव्हा ते म्हणाले, "पलटणीत रांगंत एखाद्या मानसाची जागा मोकळी ऱ्हायली तर तिला ब्लँक फाईल म्हणत्यात. ती दाबून टाकत न्हाईत, धरून चालत्यात. न्हाईतर रांग जुळत न्हाई." सहा गेले होते, चौघे आले होते.

येणेप्रमाणे गतवर्षीची मोहीम फत्ते जाहली. स्वागत वाचिले गेले, क्रम राखिला गेला, डोके एकही फुटले नाही. बिराप्पा कलमाप्रमाणे निमूट माळावर गेला. पाटलांनी रात्रीचे पंक्तीत मास्तरांस दोन पोळ्या अधिक वाढविल्या.

दुसरे दिवशी विहिरीवर हरणाबाई पाणी शेंदता शेंदता सहज म्हणाली, "आमचा बाळ्या चौथा चालला."

हे वाक्य घागरींतून घरोघर गेले. न्याहारीपर्यंत पाचही मानकऱ्यांचे ओट्यांवर बोटे मोजणे सुरू जाहले. गा, व, च्या, बाळ्या. चौथा. म्हणजे लालासाहेबांचा अर्धा मान आणि खालची तीन घरे, ऐसे सारे धनगराचे बैलामागे चालले होते, आणि भर चावडीसमोर, शिपायांचे सलामीनिशी. लालासाहेब तडक माळावर गेले आणि तहाचे कलम काढोन बसले. बाळ्या मोजावयाचा नाही ऐसे ठरले आहे, याचा तुम्हांस विसर पडला काय?

हरणाबाई चुलीपुढून न उठता म्हणाली, "आवं, मोजू नगा की. आमी कुठं मोजा म्हणतोय? त्याच्या मागं कोन हुतं, तेवढं सांगा."

लालासाहेब आल्या पावली परतले. कोंडीबांचे म्हणणे ऐसे की, दोष युक्ती काढणाऱ्याचा आहे, आणि तेव्हापासून या दोन घरांत ताकाची देवघेव बंद आहे.

वर्ष गेले. यंदा सत्कार नाही, मजकूर नाही, अक्षर नाही. पाटलांनी चार दिवस आधी दवंडी देवविली की, बेंदूर पूर्वापार रीतीने होईल, पाच घरे, दहा बैल, जागा नाहीत. बिराप्पाने दवंडी ऐकिली. बेंदराचे दिवशी त्याणे आपली जोडी बाकीच्या गावासोबत नदीवर नेली, धुतली, आणि बाकीच्या गावासोबतच मागे उभी केली. याविषयी दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

पुढील हकीकतीविषयी नाही. लालासाहेबांचे सांगणे, बिराप्पाने मुद्दाम कासरा सोडिला. बिराप्पाचे सांगणे, वाजंत्री वाजली, बाळ्याने कान टवकारिले आणि कासऱ्यासकट आपण होऊन पुढे गेला, कारण एकदा ज्या वाटेने गेल्यावर पुरणपोळी मिळाली ती वाट बैल विसरत नाही. कसेही असो, पाटलांचे दोन बैल वेशीतून गेले, लालासाहेबांचा पहिला गेला, आणि त्याचे मागोमाग, बरोबर चौथे ठिकाणी, बाळ्या येऊन वेशीत उभा राहिला. ओळखीची ढुशी मागोन बसेना म्हणोन त्याणे एकदा वळोन पाहिले. लालासाहेबांचा मागचा बैल यंदा शांत होता. गतवर्षी जो रणकंदन करीत होता तो बाळ्याचे पाठीस हनुवटी टेकोन उभा राहिला. लालासाहेबांस सर्वांत अधिक हेच लागले.

मागे कोंडीबाचे जोडीचे मध्ये धोंड्याही येऊन दाखल जाहला. त्याकडे पाहावयास अद्याप कोणास सवड जाहली नाही.

पाटलांनी मास्तरांस बोलावोन प्रश्न घातला की, अक्षरेच नाहीत तेथे मधली जागा असू शकते काय? मास्तरांनी पाटी मागविली. तीवर काही मांडिले, पुसले, पुन्हा मांडिले, आणि म्हणाले की, हा प्रश्न पुस्तकात नाही. मग हवालदारांस विचारावे ऐसे ठरले. आकाराम वेशीच्या दगडावर बसले होते. त्यांनी ऐसे मत दिले की, पलटण मोडली तरी ज्याची त्याची फाईल ज्याला त्याला ठाऊक असते, परंतु आपण आता पलटणीत नाही, सबब हुकूम देणार नाही.

लालासाहेबांनी बिराप्पास वेशीत गाठिले. "बिराप्पा, अक्षार न्हाई, वाचायचं न्हाई, मग ही जागा कसली रं?"

बिराप्पा म्हणाला, "मला काय ठावं मालक. बैलाला इचारा. त्यो उभा हाय म्हंजे आसंल की."

हरणाबाई कुसाबाहेर उभी होती, जेथोन तिचा सासरा कळप वळवीत असे. तिणे ना हाक मारिली, ना बैलास मागे बोलाविले. पाटलांनी उठोन तिजकडे पाहिले, मग बैलाकडे पाहिले, मग खालच्या तीन घरांकडे पाहिले, आणि पुन्हा बसोन घेतले.

हे लिहितेवेळी सूर्य डोंगरास टेकला आहे. पाटील चावडीवर मसलत करीत आहेत. मास्तर दुसरी पाटी आणावयास शाळेत गेले आहेत. खालच्या तीन घरांपैकी एका घरून निरोप आला आहे की, कोणास पुढे धरावयाचे ते धरा, पोळ्या कडक होत आहेत. बाकी दोन घरांचा निरोप नाही. सबब यंदाची फत्ते कोणाची जाहली ते लिहावयास येथे दोन बोटे जागा कोरी राखिली आहे.

बाळ्या वेशीत उभा आहे, रवंथ करीत.